चौकट पाठीवर घेतलेला राजा

माझा थोरला भाऊ बारामतीला डिप्लोमा करत होता आणि मी तिथंच बीएस्सीला होते. आमचं घर वरकुट्याला. पुढं अब्बांचं किराणा दुकान, मागं आमच्या राहायच्या खोल्या. एसटीच्या वेळा दोघांच्याही तासांना जुळायच्या नाहीत, म्हणून रोजचं जाणं-येणं दादाच्या मोटरसायकलवर. निमगाव, अंथुर्णे, लासुर्णे मागं टाकत जायचं आणि संध्याकाळी तीच गावं उलटी गाठत परत यायचं. दोन्ही अंगांना ऊस. उसाला तुरे आले की वाटायचं, आपण पांढऱ्या पटक्यांच्या फौजेमधून चाललोय. हे मला आधीपासून वाटायचं की त्या अल्बमनंतर वाटायला लागलं, ते आता सांगता येत नाही.

अल्बम दादाला हॉस्टेलवरच्या कुणाच्या तरी पेनड्राइव्हमधून मिळाला होता. मुखपृष्ठावर बर्फाचा डोंगर, माथ्यावर काळा बुरूज आणि त्या बुरुजाकडं निघालेला एकटा घोडेस्वार. ब्लॅक मेटल म्हणतात त्या संगीताला. कँटीनमध्ये बसलो असताना दादानं एक इअरफोन माझ्या कानात घातला आणि मी तो लगेच काढला.

"दादा, हे गाणं हाय का मिक्सरमध्ये चमचा पडलाय?"

"थांब की जरा. पुढं ऐक."

पुढं ऐकलं. पत्र्यावर गारा पडाव्यात तसे ड्रम. गिटार तर आग्या मोहोळ उठल्यासारख्या. त्यावर एक माणूस घसा फाडून ओरडतोय आणि त्याचा एक शब्द कळत नाही. दादाचं मन राखायला मी चहा संपेपर्यंत ऐकत राहिले. आणि मग त्या सगळ्या गदारोळाच्या मागं मला एक सूर ऐकू आला. संथ, लांबलेला, दुसऱ्या डोंगरावरून कुणी हाक मारावी तसा. तो आधीपासून होताच, मला उशिरा कळला. घोडा भरधाव पळतोय, खालची जमीन दिसत नाही, पण समोरचा डोंगर जागचा हलत नाही आणि जवळही येत नाही, तसं काहीतरी वाटलं. मला गलबलून आलं. का, ते मला त्या कँटीनमध्ये कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

गाण्यांचे शब्द मी मोबाइलवर शोधले. हा सगळा अल्बम एका परदेशी लेखकाच्या कादंबऱ्यांवरून रचलेला होता. जगात कुठंच नसलेलं एक राज्य, तिथला गादी गेलेला राजा, बर्फ, शाप, जुने देव. कादंबऱ्याही मी मिळवल्या आणि फुटक्या काचेच्या फोनवर वाचून काढल्या. इंग्रजी अडायचं, तरी वाचत राहिले. मग मोटरसायकलवर मागं बसून मी दादाला गोष्ट सांगायची. वाऱ्यात आवाज पोचावा म्हणून त्याच्या कानाशी ओरडायचं. "आता राजाचा भाऊच उलटला!" "आता त्यांनी पूल जाळला!" शेळगावच्या वळणावर लोक वळून बघायचे.

त्या दिवसांत मला कायम कुठंतरी जावंसं वाटायचं. पुण्या-मुंबईला नाही. जिथं जायला एसटी नाही, अशा ठिकाणी. मी थंडी म्हणजे काय ते आमच्या डिसेंबरापलीकडं बघितलेलं नव्हतं आणि तरी मला बर्फाची आठवण यायची. न बघितलेल्या गोष्टीची आठवण येते, हे मी कुणाला बोलले नाही. दादाला बोलायची गरजच नव्हती. तो गिटार शिकायला लागला होता.

गिटार वाजवणारा झाला, पण त्या वेगानं ड्रम कोण वाजवणार? तो माणूस दादाला एमआयडीसीत भेटला. दादा तिथं एका कारखान्यात प्रशिक्षणाला जायचा आणि त्याच खात्यात लासुर्ण्याचा एक जण कामाला होता. घरचा ऊस, शिफ्ट संपली की मोटरसायकलवरून थेट शेतात. गणपतीत आणि लग्नाच्या मिरवणुकीत तो ताशा वाजवायचा. आम्ही दोघं त्याला ताशेवालाच म्हणायचो. दादानं त्याला अल्बम ऐकवला. त्यानं डोळे मिटून ऐकला आणि दोन बोटं टेबलावर नाचवत म्हणाला, "वाजवतोय चांगलं. पर ह्याला आमच्या मिरवणुकीत आना, वरातीच्या शेवटापर्यंत टिकतो का बघू."

एका बंद पडलेल्या ऑर्केस्ट्राचा जुना ड्रमसेट त्यानं मिळवला. त्यांच्या शेतात एक गुऱ्हाळ होतं. गूळ करणं त्यांनी कधीच सोडलं होतं, पण पत्र्याची शेड, धुराडं आणि रस आटवायची मोठी काहील तशीच होती. चारी बाजूंना डोक्याच्या वर गेलेला ऊस. आत केवढाही आवाज करा, तो उसातच जिरायचा. रविवारी दुपारी आम्ही तिथं जमायला लागलो.

मी गाणी लिहायला म्हणून जायची. दादाचं म्हणणं, परक्याचं वाजवत बसायचं नाही, आपलं करायचं आणि मराठीत करायचं. ओरडायचं काम आधी त्यानं केलं. दोन ओळींत खोकला. मग ताशेवाल्यानं केलं, तर त्याचे हात थांबायला लागले. दोघं हिरमुसून बसले. मी काहिलीच्या कडेवर बसले होते. मला काय झालं माहीत नाही, मी उठले, माइक घेतला आणि म्हणाले, "वाजवा."

तो आवाज माझ्यातून आला यावर मला अजून विश्वास बसत नाही. घशातून नव्हता, पोटाच्याही खालून कुठून तरी होता. घरात मी हळू बोलणारी. दुकानात गिऱ्हाईक मला दोनदा विचारायचं, "काय म्हनलीस पोरी?" आणि इथं उसातले बगळे उडाले. ताशेवाल्याची आई बांधावर गवत कापत होती, ती खुरपं घेऊन धावत आली.

"काय झालं गं? जनावर निघालं का काय?"

"काय न्हाय आई," ताशेवाला म्हणाला, "गाणं म्हनत्यात ताई."

तिनं माझ्याकडं बघितलं, त्याच्याकडं बघितलं. "असलं गाणं?" म्हणाली. जरा थांबून, "घसा शेकून घे मग घरी गेल्यावर," एवढं बोलून परत गवताला गेली. दुसऱ्या रविवारी तिनं माझ्यासाठी ज्येष्ठमधाची कांडी आणून ठेवली होती.

आवाज मिळाला, पण गोष्ट मिळत नव्हती. मी बर्फ लिहायची, बुरूज लिहायची, आणि ते मराठीत आलं की नाटकातल्या पडद्यासारखं वाटायचं. गोष्ट मला माझ्या नानांनी दिली, म्हणजे अम्मीच्या वडिलांनी. त्यांना कल्पना नव्हती की ते काही देतायत.

नाना इंदापूरला मामाकडं असायचे आणि अधूनमधून आमच्याकडं राहायला यायचे. त्यांचं मूळ गाव भीमेच्या काठी. उजनीचं धरण झालं तेव्हा ते पाण्याखाली गेलं. हे आम्हाला ठाऊक होतं, पण शाळेतला धडा ठाऊक असतो तितकंच. त्या दिवशी अब्बा दुकानाच्या दाराला बिजागरी बसवत होते आणि नाना खाटेवर बसून बघत होते. बघता बघता म्हणाले, "आमच्या दाराला असली बिजागरी न्हवती. सागवानी चौकट होती. पाणी यायच्या आधी मी ती भिंतीतनं काढून घेतली, गाडीत घातली."

"मग कुठं लावली?" मी विचारलं.

"कुठं लावनार? भाड्याची खोली. तिला तिची चौकट होतीच की. आमची तशीच भिंतीला टेकवून उभी ऱ्हायली. लई वर्सं. दार होतं, घर न्हवतं." आणि ते हसले. "तुझी आय ल्हान होती. त्या चौकटीतनं हिकडून तिकडं जायची अन् म्हनायची, मी घरात आले, मी भाईर गेले."

मी तशीच आत गेले आणि लिहायला बसले. एक राजा. त्याचं राज्य पाण्यानं गिळलंय. शत्रूनं नाही, पाण्यानं. त्याच्याजवळ फक्त राजवाड्याच्या दाराची चौकट उरलीय. ती पाठीवर बांधून तो निघतो. जिथं भिंत मिळेल तिथं ती उभी करायची, आणि दार उघडलं की पलीकडं त्याचं राज्य असणार. पण वाटेतल्या प्रत्येक भिंतीला आधीच दार आहे.

"भिंत द्या, मला भिंत द्या,
दार माझ्या पाठीवर आहे."

दादानं वाचलं. गिटार मांडीवर घेतली. मग त्यानं जी धून काढली ती त्या बर्फाच्या डोंगरावरची नव्हती. ती आमच्याकडचीच होती, उन्हाळ्यात पाणी हटल्यावर उघड्या पडणाऱ्या गाळासारखी, भेगाभेगांची. ताशेवाल्यानं खाली जो वेग धरला, त्यात मला वराती ऐकू यायच्या, आणि वरात कुठंच पोचत नाही असं वाटायचं.

एक संपूर्ण अल्बम झाला. राजा निघतो, राजाची माणसं वाटेत एकेक गळतात, नदी त्याला फसवते, पाखरं त्याच्या राज्याची भाषा विसरतात. दादानं लॅपटॉप आणला, ताशेवाल्यानं मांडववाल्याकडून आणखी माइक आणले आणि आम्ही रेकॉर्डिंग धरलं. पण तोवर साखर कारखाना सुरू झाला होता आणि गुऱ्हाळाभोवतालच्या उसाला तोड आली. दर रविवारी आमची एक भिंत कमी व्हायची. आवाज आता उसात जिरत नव्हता, मोकळ्या रानातून गावापर्यंत जात होता. शेवटचं गाणं रेकॉर्ड करायच्या दिवशी तर एकच बाजू उभी होती आणि तिच्यात तोडीवाले शिरले होते.

"थांबू या का?" दादा म्हणाला.

"पुढच्या रविवारी भिंतच नसंल," ताशेवाला म्हणाला. "आजच करा."

गाणं सुरू झालं. मी डोळे मिटून घेतले. शेवटच्या कडव्यात राजा चौकट खाली ठेवतो, कारण पाठ मोडलेली असते, आणि नुसत्या माळावर, भिंतीशिवाय, तिच्यातून आत जातो. ते म्हणताना मला नाना दिसत होते आणि लहानगी अम्मी दिसत होती, जी त्या चौकटीतून आत-बाहेर करायची. मी डोळे उघडले तेव्हा कोयते थांबले होते. शेडच्या तोंडाशी तोडीवाली माणसं उभी होती. कुणी हसत होतं, कुणी मोबाइल काढला होता. एक बाई मात्र पुढं आली. अम्मीच्या वयाची, हाताला पाचटानं कापलेल्या रेघा. तिनं विचारलं, "कोन गेलं गं बाई तुजं?"

"राजा," मी म्हणाले.

तिनं मान हलवली, जणू असा राजा तिच्या ओळखीत होता. माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि मोळी बांधायला निघून गेली.

अल्बम आम्ही नेटवर टाकला. गाजला वगैरे नाही. कुठल्या कुठल्या देशांतल्या अनोळखी लोकांनी ऐकला, दोघा-तिघांनी चांगलं लिहिलं, एकानं विचारलं की ही भाषा खरी आहे का कल्पित. त्यावर ताशेवाला कितीतरी दिवस खूश होता. भेटेल त्याला सांगायचा, "आमी कल्पित बोलतो."

मला मात्र एकाच माणसाला ऐकवायचं होतं. नाना आले तेव्हा मी त्यांच्या कानात इअरफोन घातले. त्यांनी दचकून एक काढला. "हळू कर की जरा." मी आवाज कमी केला. त्यांनी पूर्ण गाणं ऐकलं, डोळे दुकानासमोरच्या रस्त्यावर. संपल्यावर इअरफोन माझ्या हातात दिले आणि अम्मीकडं चहा मागितला. मला वाईट वाटलं. मनात म्हटलं, कशाला ऐकवलं, म्हाताऱ्या माणसाला त्रास.

दुसऱ्या दिवशी त्यांना इंदापूरच्या गाडीत बसवायला मी थांब्यावर गेले होते. गाडी लांबून दिसायला लागली तेव्हा ते म्हणाले, "तुझं गाणं लई पळतंय. आमी काय पळालो न्हवतो. बैलगाडी होती, बैलं म्हातारी. निवांत चाललेली." गाडी जवळ आली. "पर आत असंच चाललं होतं," ते म्हणाले आणि छातीवर हात ठेवला. मग पिशवी सावरत चढले.

नाना आता नाहीत. दादा आधी पुण्याला गेला आणि तिथून कंपनीनं त्याला उत्तरेकडच्या एका देशात पाठवलं, दुधाच्या कारखान्यांची यंत्रं बनवणाऱ्या त्यांच्या शाखेत. मी बारामतीत एमआयडीसीतल्या एका डेअरीच्या प्रयोगशाळेत काम करते आणि भिगवण रस्त्याकडच्या एका बिल्डिंगमध्ये राहते. लग्नाआधी मी नवऱ्याला अल्बम ऐकवला होता, पुढं कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं म्हणून. त्यानं मन लावून एक गाणं ऐकलं आणि काळजीनं विचारलं, "दुखत नाही का घसा?" मला तो तिथंच आवडला. पण बिल्डिंगमध्ये ओरडता येत नाही. वर-खाली, डावीकडं-उजवीकडं माणसं. सकाळी दुधाचे नमुने तपासताना, तपासणीच्या नळीकडं बघताना, पोटाखाली तो आवाज हलल्यासारखा वाटतो आणि मी तो परत खाली बसवते. मला तो रस्ता आठवतो, दादाच्या पाठीमागं बसलेली मी आणि वाऱ्यात ओरडून सांगितलेल्या त्या गोष्टी. मला बर्फाची आठवण येणं केव्हाच थांबलं. आता उसाची येते, आणि ऊस तर खिडकीतूनही दिसतो.

पहिल्या हिवाळ्यात दादानं व्हिडिओ कॉल केला आणि फोन फिरवून दाखवला. डोंगर, बर्फ, अगदी त्या मुखपृष्ठासारखं.

"कसं वाटतंय?" मी विचारलं.

"थंडी हाय," तो म्हणाला. "बुरूज काय दिसला न्हाय अजून. बसस्टॉप हाय." आम्ही दोघं हसलो. मग त्यानं विचारलं, "तिकडं तुरे आले का गं?"

या हिवाळ्यात त्यानं एक धून पाठवली. एकटी गिटार. मी ऐकली आणि घाबरले, कारण ती हळू होती. दादानं आयुष्यात कधी हळू वाजवलं नव्हतं. मी फोन केला. "वेग कुठं गेला, दादा?"

"येतच न्हाय," तो म्हणाला. "बसतो, सुरू करतो, अन् हात असाच चालतो. इथं दुपारीच अंधार पडतो. तू काहीतरी लिही त्यावर. नसलं जमत तर ऱ्हाऊ दे."

मी ती धून ताशेवाल्याला पाठवली. त्याचं आता दोन मुलांचं घर, गोठ्यात गाई, कारखान्यात तो सुपरवायझर. वाटलं, महिनाभर उत्तर येणार नाही. संध्याकाळीच फोन आला.

"ताई, हे हळू न्हाय. ह्याच्या खाली कुनी वाजवत न्हाय म्हनून तसं वाटतंय. मी खालनं पळवतो. त्याला म्हनावं, तू हाय तसाच वर ऱ्हा. रविवारी या."

गुऱ्हाळाची शेड केव्हाच मोडली होती. त्या जागी ठिबकचे पाइप रचून ठेवले होते. त्यानं गोठ्यामागं ड्रम मांडले, शेजारी गळ्यातला ताशाही ठेवला. त्याच्या आईनं उंबऱ्यातून हाक मारली, "आलीस व्हय गं?" पोरं भोवती जमली. मी लिहून आणलेल्या ओळींचा कागद दोनदा वाचला आणि बाजूला ठेवला. मला भीती वाटत होती की आवाज येणारच नाही. ताशेवाल्यानं काठ्या उचलल्या. दादाची धून फोनवरून स्पीकरमध्ये आली, लांबून, संथ, आणि त्याखाली गारा पडायला लागल्या. मी तोंड उघडलं. आवाज आला. आधीचा नव्हता, जाडसर झालेला, मधेच फाटणारा, पण माझा. गाई उठून उभ्या राहिल्या. पोरांनी कानावर हात ठेवले आणि मग काढले.

ते आम्ही तसंच दादाला पाठवलं, गाईंच्या घंटांसकट.

दोन दिवस काही उत्तर नाही. तिसऱ्या दिवशी मी डेअरीत जेवणाचा डबा उघडत होते तेव्हा फोन वाजला. पलीकडं वारा आणि काहीतरी करकर आवाज.

"दादा? कुठं हायस?"

"ठाऊक न्हाय," तो धापा टाकत म्हणाला. "बसमध्ये ऐकत होतो, तर स्टॉप निघून गेला. त्याच्या पुढचे पण. शेवटच्या थांब्याला उतरवलं ड्रायव्हरनं. आता परत चालत निघालोय."

"मग दुसरी बस बघ की. बर्फात कुठं चालतोस?"

"येईल बस," तो म्हणाला. "तू बोल. गोष्ट सांग. राजाचं पुढं काय झालं?"

डबा तसाच ठेवून मी बाहेर आले. शेडमागं टँकर उभे असतात तिथं कुणी नव्हतं. त्याची पावलं बर्फात वाजत होती आणि मला ती स्पष्ट ऐकू येत होती. पुढं काय झालं ते मला माहीत नव्हतं. तरी मी सांगायला सुरुवात केली, आणि त्याच्याकडचा वारा मोठा होता म्हणून जरा ओरडूनच.